स्वयंपाकघरातून ऐकून निवडलेल्या विनोदी मालिका

आमच्या घरी टीव्ही बैठकीच्या खोलीत होता आणि रात्री आठ ते साडेनऊ या वेळात आई स्वयंपाकघरात असे. त्यामुळे मालिका आम्ही पाहत असू आणि ती ऐकत असे. पोळपाटाच्या खडखडाटात, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये आणि मध्येच सोडलेल्या नळाच्या आवाजात जेवढे कानावर पडेल तेवढ्यावर तिचे मत बनत असे. एखादी विनोदी मालिका चालू असताना ती हातातले लाटणे तसेच धरून दारात येऊन उभी राहिली, तर ती मालिका चांगली, असे आम्ही भावंडांनी ठरवून टाकले होते. आज इतक्या वर्षांनी कोणी 'काहीतरी हसण्यासारखे सुचव' असे म्हटले की मी अजूनही तीच कसोटी लावते. केळीच्या सालीवरून घसरणारा माणूस, साडी नेसून आलेला पुरुष आणि डोळे वटारून कॅमेऱ्याकडे पाहणारा नट हे तिघेही या कसोटीपुढे आपोआप बाद होतात. उरते ते लेखन, आवाज आणि दोन वाक्यांच्या मध्ये नट नेमका किती वेळ थांबतो ते. पुढे ज्या मालिका सुचवल्या आहेत त्यांपैकी बहुतेक या कसोटीला उतरलेल्या आहेत. एक उतरलेली नाही, तिच्याविषयी त्या जागी सांगेन.

मराठीपासून सुरुवात करायची तर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' हेच नाव आधी घ्यावे लागते. २००१ ते २००४ या काळात तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर ही मालिका आठवड्यातून एकदा लागत असे. दिग्दर्शन केदार शिंदे यांचे होते आणि मालिकेचा आधार होता दिलीप प्रभावळकर यांचे 'अनुदिनी' हे रोजनिशीच्या रूपातले लेखन. आबा टिपरे, त्यांचा मुलगा आणि सून, आणि शिऱ्या व शलाका ही दोन नातवंडे, एवढ्या पाच माणसांचे हे मुंबईतले मध्यमवर्गीय घर. घरात खलनायक नाही, कट नाही, इस्टेटीचा वाद नाही. घरात नवी वस्तू घ्यायची की नाही, पाहुणे येणार त्यांची सोय कशी लावायची, मुलाचे लक्ष अभ्यासात का नाही, एवढ्याशा गोष्टींवर अख्खा भाग उभा राहत असे आणि तरीही तो कधी पातळ वाटत नसे.

याचे कारण आबांच्या घडणीत आहे. मराठी मालिकांतला आजोबा म्हणजे झोपाळ्यावर बसून शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्यांना चार शब्द सुनावणारा गृहस्थ, अशी आपल्याला सवय झालेली असते. आबा तसे नव्हते. ते लबाड होते, नातवाच्या भानगडीत त्याला सामील होते, पकडले जाण्याची वेळ आली की म्हातारपणाचा आडोसा घेत आणि धोका टळला की पुन्हा तरतरीत होत. ही भूमिका सुरू झाली तेव्हा प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते, म्हणजे आबांपेक्षा बरेच लहान. दाढी, चष्मा आणि किंचित वाकलेली पाठ हे सगळे पाहणाऱ्यांसाठी होते. आमच्या आईपर्यंत पोहोचत होता तो फक्त आवाज. त्या आवाजात वाक्याच्या शेवटी श्वास थोडा अपुरा पडत असे आणि खोटे बोलताना तो हमखास पुरत असे. हे तिने टिपले होते. 'आत्ता आबा थाप मारतायत,' असे ती आतून सांगत असे आणि पडद्यावर ते खरे ठरत असे.

मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकात 'चिमणराव' पाहिलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. चि. वि. जोशी यांच्या कथांवरच्या त्या मालिकेत प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ही जोडी इतकी घट्ट बसली की पुढे पुस्तक वाचतानाही अनेकांना त्यांचेच आवाज ऐकू येत. माझ्या वाट्याला ती मालिका फक्त घरातल्या मोठ्यांच्या नकलांमधून आली, म्हणून तिची शिफारस करण्याचा मला अधिकार नाही. टिपरे मात्र मी दर आठवड्याला पाहिले आहेत आणि आता पुन्हा पाहतानाही राजन भिसे आणि शुभांगी गोखले यांच्यातले नवरा-बायकोचे साधे, घाईतले, अर्धवट सोडलेले संवाद मला तेव्हापेक्षा अधिक आवडतात. विनोदी मालिकेत एकाने तरी गंभीर राहावे लागते. या घरात ते काम या दोघांनी केले, म्हणून विकास कदम यांच्या शिऱ्याला आणि आबांना मोकळे रान मिळाले.

हिंदीत एकच मालिका पाहायची असेल तर 'साराभाई वर्सेस साराभाई' पाहावी. स्टार वन वाहिनीवर २००४च्या नोव्हेंबरपासून २००६पर्यंत ती चालली. भाग सत्तरच्या आसपास आहेत, म्हणजे रोज एक पाहिला तर अडीच महिन्यांत संपते. लेखन आतिश कपाडिया यांचे आणि दिग्दर्शन देवेन भोजानी यांचे. पहिल्यांदा लागली तेव्हा तिला फारसा प्रेक्षक नव्हता. पुढे पुनःप्रक्षेपणांतून आणि इंटरनेटवरून ती घरोघरी पोहोचली. दक्षिण मुंबईत कफ परेडला राहणारे एक श्रीमंत गुजराती कुटुंब आहे. सासू माया उच्चभ्रूपणाची कडवी उपासक, सासरे इंद्रवदन खोड्या काढण्यात लहान मुलाला मागे टाकतील असे, मोठा मुलगा साहिल प्लास्टिक सर्जन, आणि त्याने प्रेमविवाह करून आणलेली सून मोनिशा नोएडाच्या मध्यमवर्गीय घरातली. ही सून समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे मालिकेतले निम्मे युद्ध एका दारातून दुसऱ्या दारात लढले जाते.

मोनिशा हे नाव मुळात मनीषा होते. मायाला ते फारच सामान्य वाटले, म्हणून तिने लग्नानंतर त्यातला एक स्वर बदलून घेतला. एवढ्या एका तपशिलात सासूचा सगळा स्वभाव आला आहे आणि लेखकाला वर आणखी काही समजावून सांगावे लागलेले नाही. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून सुनेचे नाव बदलण्याची रीत होतीच. मायाने तेच केले, फक्त तांदूळ वगळून. रत्ना पाठक शहा यांनी माया रंगवताना आवाज एकदाही चढवलेला नाही. सुनेने सवलतीच्या कूपनाचा विषय काढला, की त्या आधी एक क्षण डोळे मिटतात, मग अत्यंत शांतपणे, जणू रुग्णाला निदान सांगावे तसे, 'मिडल क्लास' हे दोन शब्द उच्चारतात. भांडकुदळ सासू आपण शेकड्याने पाहिल्या आहेत. ही सासू भांडत नाही, ती दुरुस्ती करते, आणि तेच जास्त लागते.

सतीश शहा यांचा इंद्रवदन आणि सुमीत राघवन यांचा साहिल यांच्यामधली देवाणघेवाण हा दुसरा आनंद आहे. सुमीत राघवन मराठी प्रेक्षकाला रंगभूमीमुळे घरचेच. त्यांना येथे सगळ्यांत कठीण काम आहे, कारण साहिलच्या तोंडी विनोदी वाक्ये कमी आहेत आणि आई व बायको या दोघींच्या मध्ये उभे राहून दोघींनाही पटेल असे काहीतरी बोलणे हीच त्याची भूमिका आहे. धाकट्या रोसेशचा, म्हणजे राजेश कुमार यांचा, तो चिरका, नाकातून येणारा स्वर आणि त्या स्वरात आईला ऐकवलेल्या कविता आईने, आमच्या आईने, पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा टीव्हीत बिघाड झाला असावा असे वाटून ती बाहेर आली होती. २०१७ साली या मालिकेचा दुसरा हंगाम ऑनलाइन आला. नट तेच आहेत, पण तो मी सुचवणार नाही. जुन्या मित्रमंडळींच्या स्नेहसंमेलनाला गेल्यासारखे वाटते, सगळे भेटतात आणि जुनेच किस्से पुन्हा सांगतात. सतीश शहा २०२५च्या ऑक्टोबरमध्ये गेले, त्यामुळे त्यापुढचा प्रश्नही मिटला.

याच मंडळींची त्याआधीची मालिका म्हणजे २००२ साली स्टार प्लसवर सुरू झालेली 'खिचडी'. जुनी हवेली विकून मोकळे व्हावे असे पोरांना वाटते आणि बाबूजी जिवंत असेपर्यंत ते होऊ देणार नाहीत, एवढी तिची कथा. मात्र एक गंमत दोन्ही मालिका एकापाठोपाठ पाहिल्या तरच कळते. 'खिचडी'तली हंसा म्हणजे सुप्रिया पाठक, रत्ना पाठक यांची सख्खी बहीण. हंसाला कोणताही इंग्रजी शब्द कळत नाही, ती नवऱ्याला त्याचा अर्थ विचारते आणि प्रफुल तो ठामपणे चुकीचा सांगतो. मायाला इंग्रजीशिवाय दुसरे काही कळून घ्यायचेच नसते. इंग्रजीच्या बाबतीतले आपल्या समाजाचे दोन्ही आजार दोन बहिणींनी वाटून घेतले आहेत. तरी दोन्हींपैकी एकच निवडायची तर मी 'साराभाई'च निवडीन, कारण 'खिचडी'त सगळेच वेडे असल्यामुळे चौथ्या-पाचव्या भागानंतर आश्चर्य उरत नाही.

आता 'ऑफिस ऑफिस'. राजीव मेहरा यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ साली सब टीव्हीवर सुरू झाली. मुसद्दीलाल हा सरळमार्गी माणूस दर वेळी एखादे साधे काम घेऊन एखाद्या कार्यालयात जातो आणि ते काम होत नाही, एवढेच कथानक. पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल कधीच ओरडत नाही. तो प्रत्येक खुर्चीपुढे नव्याने आशा धरून उभा राहतो. भाटिया समोसा खाण्यात गुंतलेला आहे, शुक्लाच्या तोंडात पान आहे, पटेल त्याच्या 'दो बातें' ऐकवतो, पांडेजी दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतात आणि त्या टेबलावर उषाजी आहेत. मनोज पाहवा, संजय मिश्रा, देवेन भोजानी, हेमंत पांडे आणि आपल्या आसावरी जोशी अशी ही पाच जणांची चमू आहे.

मालिकेची खरी हुशारी अशी, की कार्यालय दर वेळी बदलते, कधी वीज, कधी दवाखाना, कधी आणखी काही, पण आतली पाच माणसे तीच राहतात. कोणी याचा खुलासा करत नाही. मुसद्दीलालही 'तुम्ही मागच्या वेळी तिकडे होतात ना' असे विचारत नाही. सामान्य माणसाला सगळ्या खिडक्यांच्या मागे एकच चेहरा दिसतो, ही गोष्ट निर्मात्यांनी नटांचा खर्च वाचवून सांगितली आहे, आणि भाषणापेक्षा ती जास्त पोहोचते.

या मालिकेकडे मी पुन्हा वळले त्याला घरगुती कारण घडले. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका वर्षी बाबा त्यासाठी त्यांच्या बँकेत गेले असता यंत्रावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा काही केल्या जुळेना. वय झाले की बोटांच्या रेषा पुसट होतात. काउंटरवरच्या मुलाने तीनदा अंगठा पुसायला लावला, चौथ्यांदा दुसरे बोट मागितले, मग 'सर, सिस्टिम घेत नाहीये' असे सांगून साहेबांकडे पाठवले, आणि साहेब जेवायला गेले होते. बाबा तिथल्या बाकावर बसून राहिले. दोन तासांनी घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढता काढता एवढेच सांगितले की मी जिवंत आहे की नाही ते सोमवारी कळेल. त्या रात्री आम्ही 'ऑफिस ऑफिस'चे लागोपाठ तीन भाग लावले आणि आईसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसली. बाबा हसले नाहीत. भाटियाने समोशाचा दुसरा घास घेतला तेव्हा मात्र त्यांनी मान डोलावली, एखाद्या गायकाने बरोबर जागा घेतल्यावर डोलावतात तशी.

कार्यालयाच्या खिडकीबाहेरून दिसते ते 'ऑफिस ऑफिस'मध्ये आहे. खिडकीच्या आत, चार मजले वर, जिथे फायली जन्माला येतात तिथे काय चालते ते पाहायचे असेल तर बीबीसीची 'यस मिनिस्टर' पाहावी लागते. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेली ही मालिका १९८० ते १९८४ या काळात दाखवली गेली आणि मंत्री पंतप्रधान झाल्यावर १९८६ ते १९८८ या काळात 'यस, प्राइम मिनिस्टर' या नावाने पुढे चालली. दोन्ही मिळून चाळीस भागही होत नाहीत. प्रशासकीय कामकाज खात्याचे नवे मंत्री जिम हॅकर, त्यांचे सचिव सर हम्फ्री ॲपल्बी आणि दोघांच्या मध्ये अडकलेला खासगी सचिव बर्नार्ड, असे तीनच महत्त्वाचे लोक. पॉल एडिंग्टन यांच्या हॅकरला काहीतरी करून दाखवायचे आहे, आणि नायजेल हॉथॉर्न यांच्या सर हम्फ्रींना काहीही होऊ द्यायचे नाही.

१९८१च्या हंगामातला एक भाग मी नेहमी पहिल्यांदा दाखवते. नव्याने बांधलेल्या एका रुग्णालयात पाचशेच्या आसपास प्रशासकीय आणि इतर कर्मचारी आहेत, शस्त्रक्रियागृह सुसज्ज आहे, स्वच्छता उत्तम आहे, आणि रुग्ण एकही नाही. डॉक्टर आणि परिचारिकांसाठी पैसे उरलेले नाहीत. मंत्री चक्रावून जातात, तर सर हम्फ्री त्यांना समजावतात की हे देशातल्या सर्वोत्तम चालवलेल्या रुग्णालयांपैकी एक आहे आणि त्याला पुरस्कार मिळण्याची शक्यता आहे. तपासणीसाठी आलेल्या मंत्र्यांना तिथली अधिकारी बाई रिकामे वॉर्ड ज्या अभिमानाने दाखवते तो अभिमान अस्सल आहे. तिच्या दृष्टीने रुग्ण आले की सगळे बिघडणार. आपल्या तालुक्याला उद्घाटनानंतर कुलूप लागलेली इमारत ज्याने पाहिली आहे त्याला हा भाग इंग्रजी वाटणार नाही.

सर हम्फ्रींची वाक्ये लांब असतात, एकात एक गुंतत जातात आणि शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवातीचा प्रश्न विरघळून गेलेला असतो. इंग्रजीची फारशी सवय नसलेल्याने उपशीर्षके लावून पाहावे हे बरे. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून तिच्या कसोटीला ही मालिका लावता येणार नाही असे मी धरून चालले होते. पण दहा मिनिटे आतून ऐकल्यावर तिने विचारले, 'तो हळू बोलणारा सेक्रेटरी आहे आणि दुसरा निवडून आलेला, हो ना?' मागे ऐकू येणारे हसू स्टुडिओत बसलेल्या खऱ्या प्रेक्षकांचे आहे, आणि हॉथॉर्न एखादे लांबलचक वाक्य एका दमात संपवतात तेव्हा त्या हसण्यात टाळ्या मिसळतात, ते ऐकण्यासारखे असते. मार्गारेट थॅचर यांना ही मालिका आवडत असे, हे मला नेहमीच थोडे संशयास्पद वाटत आले आहे. २००१ साली स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' या नावाने तिचा हिंदी अवतार आला होता. फारुख शेख त्यात मंत्री होते आणि ते नेहमीप्रमाणे गोड होते, तरी मूळ पाहिल्यानंतर तो तितकासा भिडत नाही. सचिवापुढे इतका भांबावणारा मंत्री आपल्या डोळ्यांना खरा वाटत नाही, हे एक कारण असावे.

दूरदर्शनच्या काळातल्या मालिकांविषयी आठवणींच्या भरात बरेच लिहिले जाते आणि त्यातल्या सगळ्याच आज पाहवतात असे नाही. १९८४ सालची 'ये जो है जिंदगी' मात्र पाहवते. लेखन हिंदीतले व्यंगकार शरद जोशी यांचे. रणजीतच्या भूमिकेत मूळचे दापोलीकडचे शफी इनामदार, रेणूच्या भूमिकेत स्वरूप संपत आणि घरात ठाण मांडून बसलेला मेहुणा राकेश बेदी. दर भागात सतीश शहा वेगळ्याच माणसाच्या रूपात घरात शिरतात आणि वीस मिनिटांत घराची उलथापालथ करून जातात. दर वेळी नवा वेश, नवी भाषा, नवी ढब. आईची पैज असे की आज सतीश शहा कोण आहेत ते ती पहिल्या वाक्यात ओळखणार, आणि पुष्कळदा ती हरत असे. जसपाल भट्टी यांचा १९८९चा 'फ्लॉप शो' तर दहाच भागांचा आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्याकडून घरची कामे करून घेणाऱ्या मार्गदर्शक प्राध्यापकावरचा त्यातला भाग विद्यापीठाशी संबंध आलेल्या प्रत्येकाने पाहावा, शक्य असल्यास मार्गदर्शकाच्या गैरहजेरीत.

जुने भाग शोधताना एक काळजी घ्यावी. इंटरनेटवर कोणीतरी परस्पर टाकलेल्या चित्रफिती पुष्कळ आहेत, आणि हक्कांच्या तपासणीतून सुटण्यासाठी त्यांतल्या काहींचा वेग किंचित वाढवलेला असतो किंवा आवाजाची पट्टी बदललेली असते. एकदा अर्धा भाग मी तशा प्रतीवर पाहिला आणि नट आधी वाटत होते तितके बरे नाहीत असे माझे मत होऊ लागले. मग लक्षात आले की त्यांचे थांबणेच कोणीतरी कापून टाकले होते. विनोदात थांबण्याला शब्दाइतकीच किंमत असते. अधिकृत प्रत मिळत असेल तर चार पैसे देऊन तीच पाहावी.

कसोटीला न उतरलेली जी मालिका सुरुवातीला म्हटली, ती 'फॉल्टी टॉवर्स'. टॉर्की या इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावात एक हॉटेल, त्याचा मालक बेसिल आणि त्याला गिऱ्हाइकांचा असलेला मनस्वी तिटकारा. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी १९७५ साली सहा आणि १९७९ साली सहा असे बाराच भाग लिहिले आणि तेवढ्यावर थांबले. मेजवानीच्या रात्री गाडी बंद पडते तेव्हा बेसिल तिला आधी दम देतो, मग एक ते तीन आकडे मोजून शेवटची संधी देतो, आणि मग शेजारच्या झाडाची फांदी तोडून आणून गाडीला झोडपतो. हे सगळे स्वयंपाकघरात ऐकू आले ते नुसत्या आरडाओरड्यासारखे, आणि आईने आवाज कमी करायला सांगितला. तिथे तिची कसोटी चुकली, हे मान्य करायला हवे. क्लीज यांच्या लांबलचक टांगांमधला संताप पाहिल्यावाचून कळत नाही.

काही नावे वाचकाला येथे अपेक्षित असतील आणि ती दिसणार नाहीत. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' २००८पासून चालू आहे आणि तिचे ४,०००हून अधिक भाग झाले आहेत. तिच्या पहिल्या काही वर्षांत दिलीप जोशी यांचा जेठालाल अव्वल दर्जाचा होता, पण कोणताही स्वभाव इतकी वर्षे ताणला की त्याची खूण तेवढी उरते आणि माणूस निघून जातो. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' ही मालिका नसून प्रहसनांचा कार्यक्रम आहे, म्हणून तिचा विचार वेगळा करायला हवा. समीर चौघुले आणि नम्रता संभेराव यांची काही प्रहसने मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. माझी तक्रार संकलनाविषयी आहे. प्रहसन रंगात आलेले असताना कॅमेरा दर थोड्या वेळाने हसणाऱ्या परीक्षकांकडे वळतो आणि तेवढ्या क्षणात नटाने केलेले काहीतरी आपले हुकते. पंक्तीत बसलेल्या माणसाला घास तोंडात असताना दर वेळी 'छान झालंय ना?' असे विचारण्यातला तो प्रकार आहे.

अलीकडच्या मालिकांपैकी एक नाव निःशंकपणे देते, 'पंचायत'. प्राइम व्हिडिओवर २०२० साली तिचा आठ भागांचा पहिला हंगाम आला आणि त्यापुढचे हंगामही आले आहेत. शहरात मनासारखी नोकरी न मिळालेला अभिषेक उत्तर प्रदेशातल्या फुलेरा नावाच्या गावात ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून येतो, रात्री कंदिलाच्या नाहीतर दिव्याच्या उजेडात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि येथून कधी सुटका होते याची वाट पाहतो. निवडून आलेली प्रधान कागदोपत्री एक बाई आहे आणि कारभार तिचा नवरा, म्हणजे सगळ्यांचे 'प्रधानजी', पाहतो; महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या पाटीखाली 'सरपंच-पती' हे अनधिकृत पद ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पहिल्या हंगामातला चाकांच्या खुर्चीचा भाग मला सर्वांत आवडतो. अभिषेक स्वतःच्या पैशांनी कार्यालयात फिरती खुर्ची आणतो. ती प्रधानजींच्या खुर्चीपेक्षा भारी आहे, हे कोणी उघड बोलत नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला दिसते. त्याच दिवशी गावात लग्नाची वरात येते, नवरदेवाची नजर त्या खुर्चीवर पडते, आणि मग एका खुर्चीपायी मानापमानाचे जे रामायण घडते त्यात एकही वाक्य विनोदासाठी म्हणून लिहिल्यासारखे वाटत नाही. पुढच्या हंगामांत राजकारण आणि मारामाऱ्या वाढत गेल्या आहेत आणि हसू त्या प्रमाणात कमी झाले आहे. पहिले दोन मात्र सलग पाहावेत.

आता आई पूर्वीसारखी स्वयंपाकात फार वेळ नसते, पण सवय गेलेली नाही. गेल्या दिवाळीच्या आधी मी बाहेर 'पंचायत'चा पहिला भाग लावला होता आणि ती आत चकल्या पाडत होती. मालिकेविषयी तिला काहीच सांगितलेले नव्हते. प्रधानजी पडद्यावर आले आणि दोन-तीन वाक्ये बोलले असतील नसतील, तोच सोऱ्याची कुरकुर थांबली. दूरदर्शनवर १९८९ साली 'मुंगेरीलाल के हसीन सपने' लागत असे, त्यातला तो एक डोळा फडफडवत दिवास्वप्नात शिरणारा कारकून रघुवीर यादव यांनी केला होता. त्याला तीस वर्षे होऊन गेली होती. आई हाताला लागलेल्या पिठासकट दारात येऊन उभी राहिली.

'हा मुंगेरीलाल ना गं?' ती म्हणाली.